समुद्रापलीकडचे ताबूत

मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन! या हुसेन!' अशी जी आरोळी उठते ती हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांच्या कानी पडता पडता 'हॉब्सन-जॉब्सन' अशी झाली. आणि १८८६ मध्ये यूल व बर्नेल या दोघा पंडितांनी आंग्ल-हिंदी शब्दांचा आपला कोश छापला तेव्हा त्यांनी त्याला हेच गमतीचे नाव दिले, ही गोष्ट पुष्कळांच्या वाचनात असेल. परंतु त्याच आरोळीचा दुसराही एक अपभ्रंश आहे, आणि तो अर्ध्या पृथ्वीपलीकडे, अटलांटिक महासागराच्या काठी, आजही रोजच्या बोलण्यात आहे. तो शब्द 'होसे'. त्रिनिदाद बेटावर मोहरमच्या उत्सवाला होसे म्हणतात आणि ताबुताला ताजा. कोशकारांना ज्या आरोळीत विनोद दिसला तिच्यापायी त्या बेटावर, कोश निघण्याच्या दोनच वर्षे आधी, माणसे गोळ्या लागून पडली होती.

त्रिनिदाद हे वेस्ट इंडीज बेटांच्या माळेचे दक्षिणेकडचे शेवटचे टोक होय. दक्षिण अमेरिकेचा किनारा तेथून इतका जवळ आहे की स्वच्छ हवेत तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १९६२ मध्ये हे बेट शेजारच्या टोबॅगोसह इंग्रजी अमलातून मुक्त झाले. २०११ च्या खानेसुमारीत या जोड-देशाची लोकसंख्या तेरा लक्षांच्या थोडी वर भरली, आणि तीत मुसलमान शेकडा पाच, म्हणजे पासष्ट हजारांच्या आसपास. आमच्या एकट्या मालेगाव शहरात याच्या कितीतरी पट मुसलमान राहतात. एवढ्याशा समाजाचा इतिहास तो काय असणार, असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु या समाजाचा इतिहास एकदा आरंभ होऊन संपला आणि पुन्हा दुसऱ्या माणसांपासून नव्याने सुरू झाला. पहिला का संपला आणि दुसरा का टिकला, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

पहिले मुसलमान तेथे आले ते आफ्रिकेतून, गुलाम म्हणून. पश्चिम आफ्रिकेतील मंडिंगो आदी जातींत इस्लाम पूर्वीच रुजलेला होता. त्यांच्यातील पुष्कळजण कुराण पढलेले, अरबी लिपी लिहू शकणारे होते. ज्या मळेवाल्याला आपले नाव धड लिहिता येत नसे त्याच्या उसाच्या शेतात अरबी लिहिणारा गुलाम राबत असे, असा प्रकार त्या काळी अशक्य नव्हता. बाजारात विकत घेतलेल्या माणसाला कोणती विद्या येते याची चौकशी कोण करणार? तथापि पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीच्या गावी या मंडिंगो मुसलमानांनी एक गोष्ट अशी केली की जिला त्या काळच्या गुलामगिरीच्या इतिहासात फार थोड्या तोडीच्या गोष्टी सापडतील. जोनास मोहम्मद बाथ नावाचा एक वजनदार मनुष्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गुलाम होऊन तेथे आला. तो स्वतःस आपल्या देशीचा सुलतान म्हणवीत असे. त्याच्या पुढारीपणाखाली या लोकांनी पैसा एकत्र केला, स्वतःची सुटका विकत घेतली, आणि मग दुसऱ्या स्वधर्मीयांची सुटका विकत घेण्याचा क्रम सुरू केला. सुटलेला मनुष्य कमावू लागला की त्याच्या पैशातून पुढचा सुटे. कोणा परोपकारी गोऱ्याची मदत नाही, सरकारची नाही. आपल्याकडील भिशीसारखीच ही व्यवस्था म्हणावयाची. फरक इतकाच की येथे प्रत्येक पाळीला एक माणूस मोकळा होई.

१८३३ मध्ये आणि पुन्हा १८३८ मध्ये या मंडळींनी इंग्लंडच्या सरकारकडे अर्ज केले. अर्ज इंग्रजीत होते, पण त्यांखाली सह्या होत्या अरबी अक्षरांत. मागणी एकच होती: आम्हांला आमच्या मुलखी परत पोचवा. आम्ही आमच्याच कमाईने मोकळे झालो, धर्माने राहिलो, दुर्व्यसनांपासून दूर राहिलो, आता घरी जाऊ द्या, असा त्यांचा एकंदर सूर होता. वसाहतीच्या कचेरीने नकार दिला. बाथ १८३८ मध्येच वारला.

एकटादुकटा मात्र परत गेला. मोहम्मदू सिसे नावाचा गँबियाकडील एक मनुष्य इंग्रजांच्या वेस्ट इंडीज पलटणीत अनेक वर्षे शिपाई होता. पलटण मोडल्यावर त्याला इतर निवृत्त शिपायांबरोबर त्रिनिदादच्या पूर्व किनाऱ्यावरील जंगलात जमीन मिळाली, पुढे तो राजधानीत आला, आणि १८३८ मध्ये घराकडे जाताना लंडनला थांबला. तेथील भूगोल-परिषदेच्या एका अधिकाऱ्याने त्याची हकीकत लिहून घेऊन छापली. या पहिल्या समाजापैकी ज्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो अशी ही दोनचार माणसे. बाकीचे कोठे गेले? कोणी मारले नाही, कोणी बळाने बाटविले असेही म्हणता येत नाही. नवी माणसे येणे थांबले, लग्ने बाहेर होऊ लागली, अरबी शिकविणारे म्हातारे एकेक करून गेले, आणि दोनतीन पिढ्यांत तो समाज साखर पाण्यात विरघळावी तसा विरघळला. त्यांचे सारे लक्ष परत जाण्याकडे होते. या बेटावर मशीद बांधावी, येथल्या कायद्यात आपले नाव लिहवून घ्यावे, असे त्यांच्या अर्जांत कोठे नाही. दोष त्यांना देता येत नाही. पकडून आणलेल्या माणसाने घराची आठवण काढू नये तर कोणी काढावी? पण इतिहासाचा हिशेब भावनेला सोडून चालतो.

मंडिंगोंचा दुसरा अर्ज फेटाळला गेला त्याच वर्षी, १ ऑगस्ट १८३८ रोजी, तेथील गुलामगिरीचा उरलासुरला अंशही संपला. मोकळे झालेले लोक मळ्यांवर पूर्वीच्या भावाने राबण्यास तयार होईनात, आणि मळेवाल्यांनी आपला मोर्चा हिंदुस्थानाकडे वळविला. ३० मे १८४५ रोजी कलकत्त्याहून निघालेले 'फतेह अल रझाक' हे जहाज साडेतीन महिन्यांच्या प्रवासानंतर त्रिनिदादला लागले. त्यावर सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. हे सागवानी जहाज मुंबईच्या एका मुसलमान व्यापाऱ्यासाठी बांधलेले होते असे सांगतात. रझाक म्हणजे अन्नदाता, आणि जहाजाच्या नावाचा अर्थ त्या अन्नदात्याचा विजय. पोटासाठी निघालेल्या माणसांना हे नाव एका परीने साजेसेच होते! १८४५ पासून १९१७ पर्यंत अशा रीतीने सुमारे १,४४,००० हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. बहुतेक संयुक्त प्रांत व बिहार यांतले, काही मद्रासकडचे. त्यांत मुसलमान सुमारे सातांत एक.

यांचा करार म्हणजे 'अॅग्रीमेंट', आणि त्याचे मजुरांच्या तोंडी झालेले रूप 'गिरमिट'. पाच वर्षे एकाच मळ्यावर काम, परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, काम चुकले तर फौजदारी खटला व तुरुंग. राहावयास पूर्वी गुलामांनी राहून सोडलेल्या लांबलचक बराकी, आपल्या चाळीसारख्या, एका खोलीत एक कुटुंब किंवा तीनचार एकटे पुरुष. बायका फार थोड्या. दहा वर्षे बेटावर काढली म्हणजे परतीचा प्रवास मिळे, आणि सुमारे चौथाई लोकांनी तो घेतलाही. पण १८६९ नंतर सरकारने काही वर्षे परतीच्या भाड्याऐवजी जमीन देऊ केली आणि मग खेडी वसू लागली. मंडिंगोंना जे मिळाले नाही ते यांना येथे मिळाले. जहाजामागून जहाज येत होते, प्रत्येकात थोडे तरी मुसलमान होते, आणि पायाखाली स्वतःची जमीन होती.

जहाजाने आणखी एक गोष्ट केली. एका जहाजातून आलेली माणसे एकमेकांस 'जहाजी भाई' म्हणत आणि हे नाते सख्ख्याच्या तोडीचे मानीत. हिंदू जहाजी आणि मुसलमान जहाजी असा भेद त्यात नसे. यामुळे पुढे जे घडले ते समजण्यास मदत होते.

मोहरमचा उत्सव तेथे १८५० च्या सुमारास दिसू लागला. हे मुसलमान बहुतेक सुन्नी. शिया अगदी थोडे. तरीही ताबूत निघत, आणि त्यांत हिंदू मोठ्या संख्येने असत. आमच्या वाचकांस याचे नवल वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात गावोगाव ताबूत बसत, हिंदू फकीर होत, नवस बोलत, मराठे सरदारांच्या वाड्यांतूनही डोले निघत. पुण्यात हे दृश्य १८९३ च्या मुंबईच्या दंग्यानंतर पालटले. त्यापुढच्या वर्षी टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणपती उभे राहिले आणि ताबुतांपुढे नाचणारी हिंदू मंडळी मेळ्यांत शिरली. त्रिनिदादमध्ये असे काही झाले नाही. तेथे प्रत्येक मळ्याचा एक ताजा असे, आणि तो मळ्यावरच्या साऱ्या हिंदी लोकांचा असे. बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कागदाची मनोरमणी, पुढे ताशे. हा ताशा आपलाच ताशा, शेकोटीवर कातडे तापवून चढविलेला. लाठी फिरविणारे पुढे चालत. दहाव्या दिवशी निरनिराळ्या मळ्यांचे ताजे सान फर्नांडो या दक्षिणेकडच्या गावात एकत्र होत आणि धक्क्यावर समुद्रात थंडे केले जात. आधी कोणाचा ताजा जावयाचा यावरून मळ्यामळ्यांत मारामाऱ्या होत, डोकी फुटत. उत्सव अगदी सात्त्विक होता असे म्हणण्याचा माझा हेतू नाही.

पण वर्षातून हा एकच दिवस असा होता की ज्या दिवशी परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल न टाकणारी माणसे हजारोंनी सरकारी रस्त्यावर येत, आणि रस्ता त्यांचा होई. मळेवाल्यांना आणि सरकारला याचीच धास्ती होती. १८८४ हे साल साखरेच्या धंद्याला वाईट गेले. युरोपात बीटाची साखर मुबलक निघून भाव कोसळले. मळेवाल्यांनी तोच रोज देऊन काम वाढविले. ठिकठिकाणी मजुरांनी काम बंद केले. इकडे आफ्रिकी वंशाच्या लोकांचा मशालींचा उत्सव, ज्याला कॅनबुले म्हणतात, त्यावरून १८८१ मध्ये राजधानीत पोलिसांशी झटापट होऊन गेली होती आणि त्या उत्सवावर बंधने आली होती. एकाचा उत्सव आवळला, आता दुसऱ्याचा का नको, अशी तर्कपद्धती सुरू झाली. जुलै १८८४ मध्ये हुकूम निघाला: होसे मळ्यावर करा, गावांत आणि मुख्य रस्त्यांवर मिरवणूक नेता येणार नाही, हिंदी नसलेल्या माणसाने तीत भाग घ्यावयाचा नाही.

या हुकुमाविरुद्ध अर्ज झाला. अर्जदारांत पहिले नाव सूखू या हिंदूचे, आणि त्याबरोबर आणखी एकतीस. एका मुसलमानी विधीसाठी हिंदू पुढारी अर्ज करतो ही गोष्ट अर्जदारांना मुळीच चमत्कारिक वाटली नाही; सरकारला मात्र वाटली. सरकारपक्षाने पुढे हाच मुद्दा उलटा केला. मिरवणुकीत बहुसंख्य हिंदू, कर्मठ सुन्नींना ती पसंत नाही, म्हणजे हा धार्मिक विधी नव्हेच, नुसता दांडगाईचा जमाव. मग धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न येतो कोठे? हा युक्तिवाद वरून बिनतोड दिसतो. एका समाजाचे सण दुसऱ्याने पाळले की ते कोणाचेच राहत नाहीत, असे तो गृहीत धरतो. आपल्याकडेही असे बोलणारे लोक दोन्ही बाजूंस आहेत.

३० ऑक्टोबर १८८४ हा मोहरमचा दहावा दिवस होता. सान फर्नांडोच्या वेशींवर पोलीस आणि गोरे शिपाई उभे केले होते. सिपेरो रस्त्याच्या जकातनाक्यापाशी दुपारी पहिला जमाव आला. मॅजिस्ट्रेट आर्थर चाइल्ड यांनी जमाव पांगविण्याचा कायदा वाचला. इंग्रजी कायदा, भोजपुरी बोलणारी माणसे, आणि मध्ये ताशांचा कल्लोळ. किती जणांना तो ऐकू गेला व किती जणांना समजला असेल ते वाचकांनीच ठरवावे. ताजे पुढे येत राहिले. गोळीबार झाला. त्यानंतर मॉन रेपो येथे पूर्वेकडून येणाऱ्या जमावावरही झाला. मृतांचा आकडा सोळापासून बावीसपर्यंत निरनिराळा दिला जातो; जखमी शंभराहून अधिक होते. मृतांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. मागे रस्त्यावर कागदाची आणि बांबूची मोडकी घुमटे पडून राहिली.

चौकशीसाठी जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन आले. हे पूर्वी हिंदुस्थानात लष्करी अधिकारी होते. १८८५ च्या आरंभी त्यांनी अहवाल दिला. त्यात गोळीबार करणारांवर ठपका नव्हता. आणि मजुरांना हवे ते करू दिल्याने ते माजले आहेत, असा एकंदर ध्वनी होता. त्रिनिदादचे इतिहासकार केल्विन सिंग यांनी १९८८ मध्ये या प्रकरणाचे कागद ग्रंथरूपाने पुढे आणले तोवर शाळेतील मुलांना ही गोष्ट फारशी ठाऊक नव्हती. एका नेमस्त, कायदेशीर अर्जाचा असा शेवट झालेला पाहिला म्हणजे आपल्या गोखल्यांची आठवण होते. मार्च १९१२ मध्ये कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिटाची पद्धत समूळ बंद करावी असा ठराव गोपाळरावांनी मांडला. आकडे, आत्महत्या, बायकांची विटंबना, सारे सभेपुढे ठेवले. आणि सरकारी मतांनी तो नामंजूर झाला. मजूर-भरती थांबली ती १९१७ मध्ये, गोपाळराव गेल्यानंतर दोन वर्षांनी.

रस्ता अशा रीतीने गेला. त्यानंतरची पन्नास वर्षे या लोकांनी दुसऱ्या वाटेने जागा मिळविली, आणि ती वाट फारच कमी नाट्यमय आहे. प्रश्न लग्नाचा होता. काझीने लावलेला निकाह त्रिनिदादच्या कायद्यापुढे लग्नच नव्हते. सरकारी दफ्तरात नोंद केली तर ठीक. पण ती करणारे थोडे. परिणाम असा की चार मुलांचा बाप, दहा एकर उसाचा मालक, मशिदीचा मुतवल्ली, असा प्रतिष्ठित गृहस्थ मेला की त्याची बायको कायद्याने बायको नव्हे आणि मुले अनौरस! जमिनीच्या वारशाचे झगडे कोर्टात जात आणि तेथे त्या कुटुंबाची अब्रू वकिलांच्या तोंडी लागे. हा अपमान बंदुकीच्या गोळीसारखा एका दिवसात दिसत नाही. घरोघर, पिढ्यान्‌पिढ्या तो सोसावा लागतो. यासाठी समाजाने सभा स्थापिल्या. १९२६ मध्ये 'तकवियतुल इस्लामिक असोसिएशन', १९३५ मध्ये 'अंजुमन सुन्नत-उल-जमात'. अर्ज, शिष्टमंडळे, पुन्हा अर्ज. शेवटी १९३६ मध्ये मुसलमानी विवाह व घटस्फोट यांच्या नोंदणीचा कायदा अमलात आला. त्या बेटावर हिंदूंची संख्या मुसलमानांच्या कितीतरी पट. पण त्यांच्या लग्नांना तशी मान्यता मिळण्यास आणखी सुमारे दहा वर्षे लागली. लहान समाज, परंतु संघटित. १९४९ मध्ये एल सोकोरो येथे सरकारी मदतीची पहिली बिगरख्रिस्ती शाळा निघाली, तीही मुसलमानांचीच. तोवर शाळा म्हणजे मिशनरी शाळा. हिंदी मुलांसाठी त्या १८६८ पासून कॅनडाहून आलेल्या प्रेस्बिटेरियन पाद्र्यांनी चालविल्या होत्या, आणि त्यांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या शिक्षणाची किंमत कित्येकांना धर्माने द्यावी लागे.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यात मुलीच्या लग्नाचे वय बारा वर्षांचे होते. १९३६ मध्ये मोठ्या कष्टाने मिळविलेला हक्क म्हणून समाजाने तो कायदा जपला, आणि बारा वर्षांची अट त्यात तशीच ऐंशी वर्षे राहिली. २०१७ मध्ये पार्लमेंटने सर्व धर्मांच्या लग्नांना अठरा वर्षे ही एकच मर्यादा घातली तेव्हा काही धर्मसंस्थांनी तिला विरोध केला, आणि अनेक स्त्री-संघटनांनी पाठिंबा दिला. अल्पसंख्याकांचे हक्क आणि त्यांच्यातील लहान मुलींचे हक्क हे दोन निराळे हिशेब आहेत. पहिला मांडताना दुसरा विसरण्याची चूक या छोट्या समाजाने एकट्यानेच केली असे नाही.

सभा निघाल्या तशा फळ्याही पडल्या. १९२१ मध्ये हिंदुस्थानातून फझल करीम दुर्रानी नावाचे अहमदी पंथाचे उपदेशक आले. त्यांच्या मतांवरून, आणि पुढे लाहोरला शिकून परतलेल्या मौलवी अमीर अली यांच्या सुधारक धोरणावरून जुनी आणि नवी मते अशी फूट पडली. १९४७ मध्ये 'त्रिनिदाद मुस्लिम लीग' निघाली. त्याच वर्षी फाळणी झाली, आणि तिकडे शंभर वर्षे 'हिंदी' या एका नावाखाली राहिलेल्या लोकांना आपण कोणत्या देशाचे असा प्रश्न पडला. लीगने सेंट जोसेफ येथे बांधलेल्या व १९५४ मध्ये उघडलेल्या भव्य मशिदीस जिनांचे नाव दिले. ज्यांचे आजे बस्ती-गाझीपूरहून आले त्यांनी कराचीच्या नेत्याचे स्मारक अटलांटिकच्या पलीकडे उभारावे, यात विसंगती खरी; पण दूर गेलेल्या माणसाला मायभूमी जितकी लहान दिसते तितकी तिची चित्रे मोठी लागतात.

राजकारणात मात्र हे लोक वेगळ्या चुलीवर बसले नाहीत. एल सोकोरोचे कमालुद्दीन मोहम्मद यांनी १९४७ मध्ये त्रिनिदादच्या रेडिओवर हिंदी गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला, आणि हिंदू-मुसलमान दोघांच्याही घरांत तो ऐकला गेला. १९५६ मध्ये डॉ. एरिक विल्यम्स यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले आणि तीस वर्षे मंत्री राहिले. १९८१ मध्ये विल्यम्स वारल्यावर पंतप्रधानपद जवळ आले होते, पण ते दुसऱ्यास गेले. १९६६ पासून ईद-उल-फित्र ही देशाची सार्वजनिक सुटी आहे, दिवाळीही त्याच वर्षापासून. १९८७ मध्ये नूर हसनअली हे न्यायाधीश देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिका खंडातल्या कोणत्याही देशाचे पहिले मुसलमान राष्ट्राध्यक्ष. ते मूळचे सान फर्नांडोचेच, मिशनच्या नापरिमा कॉलेजात शिकलेले आणि तेथेच शिक्षक राहिलेले. त्यांच्या दहा वर्षांच्या कारकीर्दीत राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर पाहुण्यांस मद्य दिले जात नसे, आणि रम पिकविणाऱ्या त्या देशाने त्याबद्दल तक्रार केली नाही.

त्यांच्याच कारकीर्दीत, २७ जुलै १९९० रोजी, यासिन अबू बक्र यांच्या 'जमात अल मुस्लिमीन' या टोळीच्या शंभरावर हत्यारबंद माणसांनी पार्लमेंट आणि दूरचित्रवाणी केंद्र काबीज केले, पंतप्रधान रॉबिन्सन यांना ओलीस धरले; हा प्रकार सहा दिवस चालला. सुमारे चोवीस माणसे मेली. राष्ट्राध्यक्ष त्या दिवसांत परदेशी होते. ही टोळी मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या नवमुसलमानांची. जुन्या हिंदी मुसलमानांच्या संस्थांशी तिचा संबंध नव्हता. पण परदेशच्या वर्तमानपत्रांतून त्रिनिदादचा मुसलमान म्हटले की तेव्हापासून याच सहा दिवसांचे चित्र उभे केले जाते. दीडशे वर्षांपूर्वी पै पै जमवून माणसे सोडविणारा बाथ हाही आफ्रिकीच होता, हे त्या बातम्या लिहिणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आणि होसे? तो आज मुख्यतः दोन ठिकाणी उरला आहे: राजधानीलगतच्या सेंट जेम्स या वस्तीत आणि नैर्ऋत्य टोकाच्या सेड्रोस गावी. काही ठराविक घराणी पिढ्यान्‌पिढ्या ताजे बांधतात. काम चालू असता मांस-मद्य वर्ज्य, आत जोडे घालून जावयाचे नाही. एक रात्र निशाणांची, एक लहान होसेची, एक मोठ्या होसेची. सेंट जेम्सला ताज्यांबरोबर दोन प्रचंड चंद्रकोरी निघतात, एक हिरवी आणि एक तांबडी. विषाने मेलेल्या हसनची हिरवी, रक्त सांडलेल्या हुसेनची तांबडी. त्या खांद्यावर पेलून गरगर फिरावयाचे असते आणि वाटेत एका जागी दोन्ही कोरींची भेट घडवितात. पेलणारांत आणि ताशे वाजविणारांत हिंदू असतात, आफ्रिकी असतात. बघणारांत बाटल्या हातात घेतलेलेही असतात, आणि त्यामुळे शहरातल्या कित्येक मशिदींतून या उत्सवाचा दरवर्षी निषेध होतो. ताजे बांधणारे निषेध ऐकून घेतात आणि पुढच्या वर्षी बांबू आणावयास जातात. मोहरमनंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे तीजाला, महिनाभर खपून केलेले ते घुमट समुद्रात सोडले जातात.

सान फर्नांडोला मात्र, जेथे एकेकाळी साऱ्या दक्षिणेचे ताजे एका दिवशी जमत, ती मिरवणूक १८८४ नंतर पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही.